तिसरं काडतूस

रविवार, १४ सप्टेंबर. स्थळ: लीड्सच्या उत्तरेला, कीथच्या शेतावरची क्लबची खोली. हवा: वारा, पाऊस नाही. हजर: कीथ, शेताचा मालक आणि क्लबचा चेअरमन, निरंजन, वकील, आमच्या मराठी मंडळातल्या जोश्यांचा मुलगा, क्लबचे सभासद, बहुतेक सगळे, आणि मिनिट्स लिहायला मी, मंजिरी. गैरहजर: वसुधाताई पेडणेकर.

न कळवता ताई मीटिंगला आल्या नाहीत असं याआधी कधी झालं नव्हतं. साधी सर्दी झाली तरी शुक्रवारी मेसेज यायचा आणि त्यात आपल्या जागी टेबलावर कोण बसेल त्याचं नाव असायचं. मे महिन्यात त्या झोपेतच गेल्या. टेबलावर कोण बसेल, तेवढं सांगायचं राहिलं. आजची मीटिंग त्यासाठी होती.

टेबल म्हणजे बंदुका तपासायचं टेबल. आमचा क्लब मातीच्या तबकड्यांवर नेम धरणाऱ्यांचा आहे. यंत्रातून तबकडी आकाशात भिरकावली जाते, ती खाली यायच्या आत फोडायची. यॉर्कशरचे शेतकरी, प्लंबर, निवृत्त शिक्षक आणि त्यांच्यात सलवार-कमीजवर हिरवं मेणकापडी जॅकेट आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेल्या, पाच फुटांपेक्षा थोड्याच उंच वसुधाताई. जॅकेटच्या डाव्या खिशात शेंगदाण्याची चिक्की, उजव्या खिशात कानात घालायचे बोळे. खिसे कधी बदलले नाहीत. मी बंदूक हातात धरत नाही. मला ताईंनी आणलं ते, “तुला याद्या करायच्या असतातच, मग इथे येऊन कर,” असं म्हणून.

त्या मूळच्या नागपूरच्या. कॉलेजात एनसीसीमध्ये पालथं पडून छोटी रायफल चालवायच्या आणि मुलांच्या आधी बक्षीस घ्यायच्या. मग नर्सिंग शिकायला लीड्सला आल्या आणि इथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या. माधवराव, त्यांचे यजमान, त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. ते गेल्यावर ताई वर्षभर फारशा बाहेर पडल्या नाहीत. शेवटी थिएटरमधल्या जुन्या भूलतज्ज्ञ मैत्रिणीने त्यांना ओढून कीथच्या शेतावर नेलं. पहिल्या दोन तबकड्या चुकल्या, तिसरी फुटली. कीथने कौतुक केलं, तर ताई म्हणाल्या की चुकल्या नाहीत, पहिल्या दोन त्यांनी बघून घेतल्या. पुढच्या वर्षी बंदूक बाळगायचं स्वतःचं सर्टिफिकेट आणि स्वतःची बंदूक.

ताई कळायच्या तर थिएटरमधली मोजणी कळायला हवी. पेशंटचं पोट शिवून बंद करण्याआधी आत वापरलेले सगळे बोळे, सुया, चिमटे मोजतात. दोघींनी, मोठ्याने, एकाच वेळी बघत. आकडा जुळला नाही तर सर्जन कितीही मोठा असो, टाका घालता येत नाही. ताईंनी अशा सर्जनांना ताटकळत ठेवलं होतं ज्यांच्यासमोर बाकीचे खुर्चीत बसत नसत. त्या म्हणायच्या, “एकीने मोजलं तर ती तिची समजूत. दोघींनी मोजलं तर तो आकडा.”

मला हे पहिल्यांदा कळलं ते मंडळाच्या गणपतीत. आम्ही शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्या शाळेच्या होत्या. आरती, जेवण, आवराआवर झाली, लोक मुलांना कोट घालत होते, आणि ताईंनी दाराला पाठ लावली. एक सुरी कमी होती. कोणी म्हणालं, आधीपासूनच कमी असेल. कोणी म्हणालं, नवी आणून देऊ. एक गृहस्थ, नुकतेच ब्रॅकनेलच्या ऑफिसातून लीड्सला बदली होऊन आलेले, मोठ्याने म्हणाले की पुण्यातसुद्धा अशी झडती होत नाही. ताई हलल्या नाहीत. सुरी निर्माल्याच्या पिशवीत सापडली. कोणीतरी त्या सुरीने दुर्वांच्या जुड्यांचे दोरे कापले होते आणि ती फुलांबरोबर आत गेली होती. ती पिशवी गाडीपर्यंत न्यायचं काम ब्रॅकनेलवाल्यांच्याच सहा वर्षांच्या मुलीने हट्टाने मागून घेतलं होतं. ताईंनी सुरी धुतली, पुसली, मला समोर उभं करून सगळ्या पुन्हा मोजल्या आणि मग दारातून बाजूला झाल्या. मुलीला चिक्की दिली.

दुसरी गोष्ट हवामानाची. “मला वाटतं” हे शब्द ताईंना चालत नसत. मंडळाच्या मीटिंगमध्ये कोणी म्हणालं, मला वाटतं हॉल बुक झालाय, की ताई लगेच, “हे हवामान झालं. उत्तर सांग.” इंग्रजीत त्या हेच “दॅट्स वेदर, डिअर” असं म्हणायच्या. क्लबमध्ये ते इतकं रुळलं की कोणी “आय थिंक” म्हणून वाक्य सुरू केलं की बाकीचे खिडकीबाहेर आकाशाकडे बघायचे.

टेबलावर त्यांची पद्धत ठरलेली. आलेली प्रत्येक बंदूक आधी उघडायची, मग रिकामी आहे हे बघायचं, मग समोरच्याला दाखवायचं. इंग्रजीत सांगून झालं की त्या स्वतःशी मराठीत म्हणत: उघडी, रिकामी, दाखवली. वर्षानुवर्षं ऐकून यॉर्कशरच्या शेतकऱ्यांना त्यातला मधला शब्द पाठ झाला. कीथ सहा फूट दोन इंच, कोणालाही “लव्ह” म्हणणारा, टेबलावर बंदूक ठेवताना स्वतःच म्हणायचा, “रिकामी, लव्ह.” ताई तरीही बघायच्या.

दसऱ्याला मंडळातल्या उत्साही लोकांची इच्छा असायची की ताईंनी हॉलवर बंदूक आणावी, शस्त्रपूजा करू, फोटो काढू. ताई म्हणायच्या, हॉल ही सार्वजनिक जागा आहे, पूजा हे बंदूक तिथे नेण्याचं कारण होत नाही, आणि फोटो हे तर मुळीच नाही. त्या आणायच्या थिएटरमधला जुना चिमटा, रक्तवाहिनी धरून ठेवायचा. त्याला हळद-कुंकू वाहायचं. “शस्त्र हे. ती बंदूक म्हणजे माझा खेळ,” असं सांगायच्या. घरी मात्र खेळालाही मान असे. बंदुकीचं पोलादी कपाट बंदच ठेवून बाहेरून दारावर कुंकवाची बोटं ओढायची. सर्टिफिकेटच्या नूतनीकरणासाठी पोलिसांच्या बंदूक विभागातल्या अधिकारी बाई घरी आल्या, तेव्हा त्यांनी ते लाल पट्टे बघून काळजीने विचारलं, कपाट गंजलंय का. ताईंनी त्यांना बसवून दसरा समजावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पट्ट्यावर बोट घासून बघितलं आणि लिहिलं, कपाट उत्तम स्थितीत. जाताना त्यांच्या हातात चिक्की होती. त्यांचं नाव हेलन. त्या पुढे पुन्हा येतात.

आता मुख्य गोष्ट. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात ताईंचा उजवा खांदा धरला. बंदूक उडाली की खांद्याला मागे धक्का बसतो, तो सोसेना. कीथ मनाने फार चांगला. त्याने कुठूनतरी आखूड काडतुसांचा डबा आणला. नेहमीच्या काडतुसापेक्षा बरीच लहान, दारू कमी, धक्का कमी. एका गुरुवारी दुपारी क्लब बंद असताना तो डबा त्याने ताईंच्या पुढ्यात ठेवला, लाजत, वाढदिवसाची भेट द्यावी तसा.

इथे थोडं कायद्याचं सांगायला हवं. ब्रिटनमध्ये साध्या शॉटगनसाठी एक सर्टिफिकेट असतं. बंदूक एकामागून एक काडतुसं आपणच पुढे घेणारी असेल, तर तिच्या नळीखालच्या मॅगझिनमध्ये दोनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. तिसरं मावलं की ती बंदूक दुसऱ्या, कडक सर्टिफिकेटाखाली जाते. ते नसताना ती बाळगणं हा गुन्हा, आणि त्याला तुरुंगवास आहे. ताईंची बंदूक रीतसर दुकानातून घेतलेली. मॅगझिनमध्ये तिसरं मावू नये म्हणून अडसर बसवलेला, त्यावर तपासणीचा शिक्का, सोबत कागद. सगळं नियमात.

ताईंनी दोन आखूड काडतुसं मॅगझिनमध्ये सरकवली आणि मला जवळ बोलावलं, मोजायला. मी म्हणाले, दोन. मला वाटलं झालं. पण ताई दोनवर थांबणाऱ्या नव्हत्या. दोन बसली म्हणजे दोनच बसतात असं होत नाही, तिसरं बसत नाही हे बघावं लागतं, असं म्हणत त्यांनी तिसरं उचललं आणि अंगठ्याने ढकललं.

ते आत गेलं.

ताईंनी तिन्ही बाहेर काढली, टेबलावर ओळीत ठेवली आणि पुन्हा एकेक घातली. एक. दोन. तीन. मग कीथला बोलावलं आणि त्याच्यासमोर पुन्हा. कीथचा चेहरा आधी हसरा होता. तिसऱ्यानंतर नव्हता.

तो म्हणाला की ही काडतुसं या बंदुकीत नीट चालतसुद्धा नाहीत, अडकतात. डबा मी परत नेतो. बंदूक कपाटात ठेव. विषय संपला.

ताई म्हणाल्या, “चालतात की नाही हे कायदा विचारत नाही, कीथ. मावतात की नाही, एवढंच विचारतो.”

“पण विचारतंय कोण, लव्ह? कोणीच विचारत नाहीये.”

“मी विचारतेय.”

आणि मग त्यांच्या लक्षात आलेली पुढची गोष्ट त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितली. ही बंदूक माझ्या सर्टिफिकेटात बसत नसेल, तर मी ती घरी नेऊ शकत नाही. गाडीत ठेवणंही चुकीचं. तुझ्या ताब्यात देऊ शकत नाही, कारण तुझ्याकडेही माझ्यासारखंच साधं सर्टिफिकेट आहे. म्हणून मी इथेच बसते, आणि पोलिसांना फोन करते.

कीथ उठून बाहेर गेला. खिडकीतून तो कुंपणाजवळ येरझाऱ्या घालताना दिसत होता. त्याची बंदूकही ताईंच्याच मेकची होती. क्लबात आणखी काही जणांकडे तशीच. पोलिसांनी एकीला हात लावला की सगळ्यांना लावतील, क्लबला टाळं लागेल, आणि पोरसवदा असल्यापासून वडिलांच्या हाताखाली शिकलेला त्याचा खेळ एका दुपारी संपेल, हे त्याला दिसत होतं. ताईंनाही दिसत होतं. त्यांचं सर्टिफिकेट जाणार, टेबल जाणार. थिएटरमध्ये उभा जन्म काढून एकही मोजणी न चुकलेल्या बाईला, निवृत्तीनंतर बेकायदा शस्त्र बाळगलं असं कुणी म्हणू शकणार होतं.

फोनवर बराच वेळ संगीत वाजलं. ताईंनी बंदूक टेबलाच्या मधोमध उघडी ठेवली, आखूड काडतुसं बशीत वेगळी, आणि त्यावर माझ्या हातरुमालाचं झाकण घातलं. थर्मासमधला सुंठीचा चहा दोन कपांत ओतला. मी म्हणाले, “ताई, तुम्हाला भीती नाही वाटत?”

त्या म्हणाल्या, “वाटते ना. पण पोट उघडं ठेवून घरी जाता येत नाही गं.”

थोड्या वेळाने कीथ आत आला. खुर्ची ओढून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसला. ताईंनी तिसरा कप काढला. तो म्हणाला की तू आम्हाला बुडवणार आहेस. ताई म्हणाल्या की मी फक्त माझ्या बंदुकीबद्दल विचारणार आहे, तुझी तू मोज. तो म्हणाला, मला मोजायची नाही. मग इथे का बसलास, असं ताईंनी विचारलं. कीथ बंदुकीकडे बघत म्हणाला, “तूच म्हणतेस ना, एकीने मोजलं तर समजूत.” आणि त्याने चिक्कीसाठी हात पुढे केला.

हेलनबाई चार वाजता आल्या. त्यांनी स्वतः काडतुसं घालून बघितली. तिन्ही गेली. त्यांनी ऑफिसला फोन केला, ऑफिसने आणखी कोणाला केला. मग त्या वळून म्हणाल्या, “आय थिंक...” कीथ आणि मी दोघांनी खिडकीबाहेर बघितलं. ताई म्हणाल्या, “दॅट्स वेदर, डिअर,” आणि हेलनबाई, पोलिसांचा गणवेश अंगावर असूनही, हसल्या. त्यांनी सरळ कबूल केलं की त्यांना माहीत नाही, आणि ऑफिसलाही माहीत नाही. दोन्ही प्रकारच्या बंदुका ठेवायचा परवाना असलेला एक दुकानदार वेदरबीजवळ होता. तो येऊन ताईंची बंदूक घेऊन गेला, उत्तर मिळेपर्यंत सांभाळायला. ताईंनी त्याच्याकडून पावती घेतली आणि गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

मग उत्तरं यायला लागली. दुकानदार म्हणाला, शिक्का आहे ना, मग शिक्क्यावर विश्वास ठेवा. नेमबाजांच्या संघटनेच्या सल्लागाराने फोनवर सांगितलं की नेहमीच्या लांबीचीच काडतुसं धरायची, नाहीतर देशातल्या निम्म्या बंदुका बाद होतील. पोलीस ऑफिसातून तोंडी निरोप आला की कारवाई करायचा विचार नाही. ताईंनी निरंजनला घरी जेवायला बोलावलं. निरंजन इथेच जन्मलेला. त्याचं मराठी घरगुती आहे आणि कायदा आला की जास्तच अडखळतं.

“वसुधाआजी, कायदा काडतूस बोलते. किती लांब ते नाही बोलते. शिक्का पायजे, बरोबर. पण शिक्का असला म्हणून सगळा ओके, असा पण कुठे लिहिलेला नाही. कोर्टात गेला तर जज ठरवणार.”

“आणि जज काय ठरवेल?”

निरंजन भरली वांगी पुढे ओढत म्हणाला, “ते आपण नाही सांगू शकत. मला वाटते...” आणि थांबला. त्याच्या आईने त्याला ताईंबद्दल पुरेसं सांगून ठेवलं होतं.

म्हणजे चार जाणकार, चार उत्तरं, आणि कागदावर एकही नाही. ताईंनी लेखी विचारलं. पोलिसांना, आणि मग ज्या सरकारी खात्याकडून या नियमांचं मार्गदर्शन निघतं त्याला. पत्र छोटं होतं: सोबत बंदुकीचा तपशील, काडतुसाची लांबी, तिन्ही मावतात याला दोन साक्षीदार. ही बंदूक माझ्या सर्टिफिकेटात बसते का? हो किंवा नाही कळवावं. पोच आली. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा पोच आली.

या सगळ्या काळात ताई दर रविवारी क्लबवर येत होत्या. बंदुकीशिवाय. सर्टिफिकेट काढून घेतलेलं नव्हतं, टेबलही त्यांचंच राहिलं होतं, कारण त्यांना तिथून उठवायची कोणाची हिंमत नव्हती. पण पहिले काही रविवार वाईट गेले. काही जण बंदूक टेबलावर ठेवायचे आणि बघत राहायचे दुसरीकडे. एकाने मोठ्याने विचारलं, आज पोलीस येणार आहेत का. ताईंनी त्याची बंदूक उघडली, रिकामी आहे बघितलं, त्याला दाखवली आणि म्हणाल्या, “पुढचा.”

मग नोव्हेंबरातल्या एका रविवारी कीथ आला. सगळे रांगेत असताना त्याने आपली बंदूक टेबलावर ठेवली, खिशातून तीन आखूड काडतुसं काढली आणि तिच्या शेजारी ठेवली.

“मोज, लव्ह.”

ताईंनी मला हाक मारली. तिन्ही गेली. कीथ म्हणाला, आता माझीही दुकानदाराकडे. आणि त्याने तिथूनच दुकानदाराला बंदूक न्यायला बोलावलं. त्याच्यामागे आणखी तिघे, एक जण कुरकुरत. बंदुकांचं काम करणाऱ्या कारागिराने त्या सगळ्यांच्या मॅगझिनमध्ये नवा अडसर बसवला, ज्यात आखूड काडतुसंही दोनच मावतील. नवा शिक्का, नवा कागद. क्लबचा आता नियम आहे: टेबलावर अशी बंदूक आली की आधी दोन, मग तिसरं बसत नाही हे बघायचं, दोघांनी. शेजारच्या दोन क्लबांनी येऊन आमची पद्धत बघितली. हेलनबाईंनी ती आपल्या ऑफिसात दाखवण्यासाठी माझ्याकडून लिहून नेली. मी ती लिहिली, पण शब्द ताईंचे होते, आणि मधला शब्द मी मराठीतच ठेवला.

कीथने ताईंना हजारदा सांगितलं की तूही अडसर बदलून घे आणि बंदूक घरी आण. ताईंनी ऐकलं नाही. मला हा तेव्हा नुसता हट्ट वाटला. एकदा गाडीत मी तसं बोलूनही दाखवलं. त्या खिडकीतून मेंढ्या बघत होत्या. म्हणाल्या, “अडसर बदलला की बंदूक बरोबर होईल. पण मी आजवर चूक होते की बरोबर, ते कधीच कळणार नाही. आणि मंजिरी, डेव्हनमध्ये, वेल्समध्ये कुठेतरी कोणीतरी माझ्यासारखंच टेबलाशी बसलं असेल, तिसरं आत गेलेलं बघत. त्याला सांगायला एक उत्तर हवं ना? माझी आहे तशी राहू दे. प्रश्न तिच्यात आहे.”

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते एप्रिलमध्ये. खांदा बराच सुटला होता. कीथने आपल्या वडिलांची जुनी दोननळी बंदूक काढून त्यांच्या हातात दिली. तिला मॅगझिनच नसतं, दोन नळ्या आणि दोन काडतुसं, वाद नाही. ताईंनी ती वरखाली बघितली आणि म्हणाल्या की हिच्यात मोजायला काही नाही, म्हातारीसाठी बरी आहे. मग नेम धरायच्या रेषेवर गेल्या. टेकडीवर नवं गवत होतं, वाऱ्याने त्यांचं जॅकेट फुगलं होतं. पहिली तबकडी गेली. दुसरी गेली. मागे कोणीतरी हळहळलं. मला माहीत होतं, त्या बघून घेत होत्या. दोन्ही नळ्या रिकाम्या करून त्यांनी सावकाश पुन्हा भरल्या. तिसरी तबकडी अशी फुटली की तिचा काळा धूर क्षणभर हवेत राहिला. ताईंनी बंदूक उघडली, कीथपुढे धरली, आणि त्या दिवशी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “रिकामी.” कीथ वाकून दोन्ही नळ्यांमधून आरपार बघत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो तपासत होता आणि त्या दाखवत होत्या. मग माझा हात न धरता त्या चिखलातून गाडीकडे चालत गेल्या, उजव्या खिशात हात, बोळे जागेवर आहेत ना ते बघत.

आजच्या मीटिंगचे निर्णय असे. टेबलावर एकच माणूस बसणार नाही, दर रविवारी दोघं, पाळीपाळीने. पहिली पाळी कीथची. टेबलावर काच घालून तिच्याखाली ताईंचा चिमटा ठेवायचा. तो त्यांनी मंडळाला न देता क्लबला दिला आहे, आणि यावर मंडळात नाराजी आहे, ती मी सांभाळेन. बंदूक ताईंनी कीथच्या नावे ठेवली आहे. ती अजून वेदरबीलाच आहे, अडसर जुनाच. कीथने सांगितलं की उत्तर लेखी आल्याशिवाय तो ती आणणार नाही आणि बदलूनही घेणार नाही. निरंजन म्हणाला की आता पत्र वकिलाच्या कागदावर जाऊ दे, तो फी घेणार नाही, फक्त कोणीतरी पाठपुरावा करायला पायजे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

कीथने विचारलं, कधीपर्यंत होईल.

मी म्हणाले, “आय थिंक...”

खोलीतली सगळी डोकी खिडकीकडे वळली. बाहेर वारा होता, पाऊस नव्हता.

मी पेन उचललं आणि लिहिलं. काम: वसुधाताईंच्या बंदुकीबद्दल हो किंवा नाही असं लेखी उत्तर मिळवणं. कोण करणार: मंजिरी आणि निरंजन, दोघांनी. सुरुवात: उद्या सकाळी पहिला फोन. सद्यस्थिती: उत्तर आलेलं नाही.